सुनेचे फासे

"हा सशाचा फासा आहे की शेळीचं शेपूट?" म्हाताऱ्याने डाव्या हाताने तार उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

सून ओशाळली. "पक्कड बोथट आहे, मामंजी."

"नाचता येईना, अंगण वाकडं! याच पक्कडीवर मी जन्म काढला."

काढलाच होता. त्याच्यासारखा फासा आसपास कुणाला वळता येत नसे. पण थंडीच्या तोंडाला झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. "आत्ता हलवलात तर हलेल, नाहीतर हात गेला म्हणून समजा," डॉक्टरांनी बजावलं आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. म्हाताऱ्याने तो खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?" त्यानंतर त्या हाताकडे बघायचंच त्याने टाकलं.

सशांना मात्र कुठून तरी बातमी लागली. कुंपणाखालून यायचे आणि परसातला कोबी कुरतडून जायचे. लेक कारखान्यात अडकलेला. शेजारचा टकल्या शिंपी कुंपणावरून विचारायचा, "काय फासेवाले, आज पाहुणे किती होते पंगतीला?"

शेवटी सून म्हणाली, "मी लावते फासे. तुम्ही नुसतं सांगा."

सांगून सांगून म्हाताऱ्याचा घसा बसला. पहिला फासा तिने गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगला. "सशाने काय उडी मारून गळ्यात घालून घ्यायचा? जमिनीपासून चार बोटं, पोरी, चार बोटं!" मग तार तशीच चकचकीत ठेवली. "अगं, चुलीवर धर, काळी कर. आरसा लावतेस का त्याला?" मग टोकाचा डोळा इतका घट्ट वळला, की तार त्यातून सरकेचना. एक चूक सुधारली की दुसरी तयार. पोरगी कामाची, स्वभावाची गोड. पण या बाबतीत अगदीच दगड.

त्या दिवशी तर कहर झाला. तिने तारेचे पीळ उलटे घातले, वर विचारलं, "आता जमलंय ना?"

"आण इकडे!" म्हातारा कडाडला. त्याने तार तिच्या हातून हिसकावली, टेबलावर दाबली आणि पीळ सोडवायला लागला. तार निसटली. "धर की नीट, मेल्या!" तो कुणावर ओरडला, त्याचं त्यालाही कळलं नाही. उजवा हात मांडीवरून उठून टेबलावर आला होता आणि तारेचं दुसरं टोक दाबून बसला होता.

सून उठून आत गेली. तान्ही नात रडत नव्हती, तरी तिला घेऊन बराच वेळ आतच बसली.

मग फासे म्हाताऱ्यानेच वळायला घेतले. ती रोज एखादा वाकडातिकडा करून आणायची, तो शिव्या घालत सरळ करायचा. एका दुपारी काठी टेकत तो स्वतःच परसात गेला. कुंपणाखाली जिथे गवत दबून वाट पडली होती, तिथे त्याने खुंटी ठोकली, फासा टांगला, दोन्ही बाजूंना काटक्या रोवल्या.

सकाळी फाशात ससा होता. चांगला थोरला, कोबी खाऊन गलेलठ्ठ.

"टकल्या! ए टकल्या! ये, बघ तुझे पाहुणे!" म्हाताऱ्याने ससा कानांनी धरून उंच केला.

शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत आला. सशाकडे त्याने पाहिलंच नाही. "अरे ससा गेला खड्ड्यात! धरलायस कोणत्या हाताने ते बघ आधी!"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. चारही बोटं सशाच्या कानांवर मिटली होती. अंगठा तेवढा अजून ताठ उभा होता. त्याने हात खाली घेतला नाही. गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्याने बघावं म्हणून तसाच फाटकापर्यंत मिरवत गेला. "हिच्या भरवशावर राहिलो असतो, तर उद्या सशांनी घरात येऊन कोबी मागितला असता!"

"माझ्या हाताला वळणच नाही, मामंजी," सून म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

दिवेलागणीला म्हातारा पाणी मागायला आत गेला आणि दारातच थबकला. सून पाठमोरी होती. तान्ही तिच्या खांद्यावर झोपली होती. तिला थोपटता थोपटता, खाली न बघता, तिने एका हाताने तार वळली, डोळा पाडला, टोक ओवलं. फासा गोल, गुळगुळीत, पाण्यासारखा सरकणारा. ऐन उमेदीत त्यालाही असा साधला नसता. तिने बोट घालून तो एकदा ओढून पाहिला. मग पक्कड घेतली आणि अंगठा लावल्याशिवाय सरळ होणार नाही, नेमक्या अशा जागी तो वाकडा करून उद्यासाठी ठेवून दिला.