दाराबाहेरचे पाय

कार्यालयाच्या दाराबाहेर चपलांच्या मांडणीत पायांच्या सात जोड्या उभ्या होत्या, चपलांसकट. दुरुस्तीला आल्या असतील, असं रत्नमालाबाईंना वाटलं. त्या आपल्या पायांवर ताठ चालत आत गेल्या.

जुन्या योजनेत डॉक्टर दरवर्षी चालून दाखवायला सांगायचे. न अडखळता चाललं की शाबासकी द्यायचे आणि पेन्शन पुढे चालू राहायची. म्हणून नव्या योजनेच्या तपासणीसाठी रत्नमालाबाईंनी पंधरा दिवस गच्चीवर सराव केला होता.

इथे डॉक्टर नव्हता. उंबरठ्यातल्या यंत्राने त्यांची चाल मोजली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: अपंगत्व शून्य टक्के.

"जळलं मेलं तुमचं यंत्र! मला गुडघ्याखाली काही नाही. हे पाय सरकारनंच दिलेत."

"मावशी, यंत्राला खरे पाय आणि हे पाय सारखेच," शिपाई हळूच म्हणाला. "ते बघा, बाकीची माणसं आपले पाय बाहेर ठेवून हातांवर सरकत आलीत. तुमची फेरतपासणी आता सहा महिन्यांनी."

"आणि तोवर पेन्शन?"

"जुन्या योजनेतून तुमचं नाव कालच कमी झालं."

त्या बाहेर आल्या. नवी साडी नेसलेली एक मुलगी तसल्याच पायांवर पायऱ्या चढत होती.

"काकू, आज अठरा पूर्ण झाली! मोठ्यांच्या योजनेत नाव घालायला आलेय. बघा, भिंतसुद्धा धरली नाही!"

रत्नमालाबाईंनी तिला पायरीवर बसवलं, शेजारी बसल्या आणि तिच्या पायांचे पट्टे सोडायला घेतले.

"अहो, काढताय कशाला? मला येतंय की चालता!"

"येतंय गं बाई," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."