सोइलाची जीभ

चर्चची घंटा झाली आणि बाजारात परात मांडून बसलेल्या देल्फिनाने शेजारची पोती पुन्हा मोजली. प्रार्थना संपली की लग्नघरची गाडी येणार, चोचोची पोती वर डोंगरावर नेणार, आणि दुपारी अख्खं वऱ्हाड ते चोचो भाजलेल्या मक्याबरोबर, कांदा घालून, लिंबू पिळून खाणार. नवरा मुलगा तिचा धर्मपुत्र. चोचो तिच्याकडून आहेर.

आणि चोचोचा कडूपणा गेलाय की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

चोचो म्हणजे पावट्याचा डोंगरातला भाऊबंद. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणते, यात मांसाइतका कस आहे. खाटकांना हे मान्य नाही. पण भिजवून, शिजवून, पोत्यात बांधून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दिवसचे दिवस धुतल्याशिवाय त्यातला कडूपणा जात नाही, आणि कडूपणा ही नुसती चव नव्हे. तोंडाला कोरड पडते, नजर धूसर होते, उभा माणूस भिंत धरतो. किती दिवस धुवायचं ते घड्याळ सांगत नाही, जीभ सांगते. कडू चोचो माणूस चुकून एक खातो. दुसरा खाऊन आजवर कुणी दाखवलेला नाही.

देल्फिनाच्या जिभेची चव मागच्या तापात गेली ती आलीच नाही. बोलण्यावर परिणाम झाला नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यात या खेपेला वरच्या गावाने पाण्याची पाळी आपल्याकडे वळवली, ओढा आटला, आणि तिची पोती दगडांवर अर्धी उघडी पडली.

सकाळपासून तिने दोघातिघांना चाखायला दिले होते. पण या गावात हातावर ठेवलेला घास कुणी नाकारत नाही आणि वाईट तर म्हणतच नाही. गेल्या सणाला सूप करपलं होतं. सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं आणि रात्रभर पोट धरून बसले. चर्चचा झाडूवाला म्हणाला, "अमृत!" बटाटेवाली म्हणाली, "देव तुझं भलं करो." दोघांच्या तोंडावर एकच हसू. घरच्या डुकराने परातभर खाल्ले, पण त्या डुकराने महिन्यापूर्वी साबणही खाल्ला होता.

देल्फिनाने परातीवरचं फडकं काढलं, पुन्हा झाकलं. टोपी काढली, पुन्हा घातली. मग तिने समोर पाहिलं.

समोर सोइला बसली होती. तीही चोचोच विकायची. देल्फिनाने आपलं पोतं ओढ्याच्या वरच्या अंगाला बांधलं आणि त्यातलं कडू पाणी खाली सोइलाच्या पोत्यात उतरलं, असं सोइलाचं म्हणणं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फक्त गिऱ्हाइकांमार्फत बोलत. गावात देल्फिनाचं बरं न चिंतणारं माणूस हे एवढंच.

देल्फिनाने ताटलीभर चोचो घेतले, उठली आणि वाट ओलांडून गेली. बटाटेवालीचा तराजू हवेतच थांबला.

"विष घालून आणलंस?" सोइलाने विचारलं.

"तेच बघायला आणलंय."

सोइलाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग एक चोचो उचलला, दातांत धरून साल काढली आणि चावला. सावकाश. डोळे मिटून. देल्फिनाला वाटलं, एवढ्या वेळात तिने अख्खी गाय चावून संपवली असती.

"कडू," सोइला सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "कडूजहर! वऱ्हाड मारशील गं बाई!"

देल्फिनाने वळून आपल्या पोत्यांकडे पाहिलं. खाली रस्त्यावर लग्नघरच्या गाडीचा भोंगा वाजला. आता त्यांना काय सांगायचं? पोती परत ओढ्यावर, वऱ्हाड उपाशी, आणि उद्यापासून तिच्या परातीकडे कोण वळणार? तिने ताटली मागे घ्यायला हात घातला.

ताटली येईना. दुसऱ्या बाजूने सोइलाने ती धरून ठेवली होती.

"मरू दे मेलं," म्हणत सोइलाने दुसरा चोचो तोंडात टाकला. मग तिसरा. मग मूठभर.

देल्फिना तिच्या हलणाऱ्या जबड्याकडे पाहत राहिली.

"मीठ दोनदा पडलंय," सोइला भरल्या तोंडाने म्हणाली, पण आता फक्त तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू. "कधी गेली चव?"

देल्फिनाने टोपी डोळ्यांवर ओढली.

"पुढच्या खेपेला माझं पोतं वरच्या अंगाला. तुझं खाली. मग चाखीन."

"बरं."

गाडीवाला धापा टाकत वर आला. "मावशी, भरू का पोती? तिकडे ओरडताहेत माझ्या नावाने!"

देल्फिनाने सोइलाकडे पाहिलं. सोइला बोटांवरचं मीठ चाटत होती.

"भर," देल्फिना म्हणाली. "आणि पुन्हा मीठ घालू नका म्हणावं."

पोतं खांद्यावर चढलं. बटाटेवालीने छातीवर क्रूसाची खूण केली. सोइलाने रिकामी ताटली देल्फिनापुढे धरली आणि पुन्हा सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली,

"अजून थोडे कडू आण."