प्रश्नाआधीचं उत्तर

हॅम रेडिओवरचा, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावरचा, आवाज स्वच्छ करणारं नवं सॉफ्टवेअर कंपनीने चाचणीसाठी दिल्यापासून शाल्मलीकडे एकच तक्रार येत होती. आपण प्रश्न विचारण्याआधीच समोरच्याचं उत्तर ऐकू येतं, तेही चांगली पाचेक मिनिटं आधी. कारण कंपनीत कुणालाच सापडत नव्हतं.

त्या दुपारी वेंगुर्ल्याहून केळुसकरांचा फोन आला.

"मॅडम, रेडिओवर माझा थोरला भाऊ आत्ता म्हणाला, 'हो, येतो मी. उद्याच निघतो.' पण मी त्याला काही विचारलेलंच नाही."

"काय विचारणार होतात?"

"अँटेनाचं. आईच्या आजारपणात आमचं भांडण झालं, तेव्हापासून आम्ही हवामान आणि अँटेना सोडून बोलत नाही."

शाल्मली सावरून बसली. "काका, मग काहीच विचारू नका. उत्तर आलं आणि प्रश्न गेलाच नाही, तर काय होतं ते मला बघायचंय."

"आणि तो आलाच नाही तर?"

"ते मला खरंच माहीत नाही."

"मग हा प्रयोग दुसऱ्या कुणावर करा."

त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि माईकचं बटण दाबलं. शाल्मलीला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, घर खायला उठतं रे. येशील का इकडे?"

उत्तर येऊन गेलेलं असल्यामुळे रेडिओवर नुसती खरखर होती. तरी केळुसकर बराच वेळ कान देऊन बसले. मग त्यांनी फोन उचलला.

"मॅडम, नंतर बोलू. माडीवरची खोली झाडायची आहे."