उलट्या फेजचा सबवूफर

सकाळपासून तो खटपट करत होता, पण खर्जातला आवाज देणाऱ्या नव्या सबवूफरचं दोन्ही स्पीकरांशी सूत जुळत नव्हतं. शेवटी त्याने नेहमीची युक्ती काढली. चाचणीची एकसुरी घरघर लावली आणि सबवूफरचा फेज, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, मुद्दाम उलटा केला; आता तो स्पीकरांची घरघर खोडून काढणार. समोरच्या खुर्चीत त्याने मोठ्या बहिणीला, ताईला, बसवलं.

"घरघर पार गेली की दोघांचं जुळलं. तेव्हा सांग. मग फेज सरळ करतो."

लॅपटॉपवर तो सबवूफरचा डिले, म्हणजे आवाजाचा उशीर, जरा जरा वाढवू लागला. घरघर विरत विरत थांबली.

"गेली ना?"

ताईचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"चेष्टा पुरे हं, ताई."

तिने टाळी वाजवली. तीही मुकीच. ताईने घाबरून गळा धरला.

 घाईघाईने त्याने फेज सरळ केला.

"गेली की रे, कधीची सांगतेय!" कोपऱ्यातल्या सबवूफरमधून ताई हसली.

खुर्चीतली ताई ओठ घट्ट मिटून नुसती मान हलवत होती. नाही, नाही.