घरचा नंबर

"सात दिवस बास," निकेत पुण्याहून फोनवर म्हणाला. "सात दिवस ज्यानं ॲप उघडलं नाही, त्याला बाहेर काढ. जुन्यांनाही आजच लाव. रोज उघडणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

नागावच्या घरात, पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली कल्पिता हो हो म्हणाली. ॲप मच्छीमारांचं. वादळ कुठून येतंय, जवळचं बंदर कुठलं, ते सांगणारं. एकदा लॉगिन केलं की रिफ्रेश टोकन ते चालू ठेवतं. त्याची मुदत संपली की पुन्हा ओटीपी. मुदत आजवर साठ दिवस होती. साहेबाचा हुकूम, हिला काय! तिने साठ खोडून सात टाकलं, सेव्ह केलं आणि चहाचा कप उचलला. सकाळपासून सुटलेल्या वाऱ्याने चहा केव्हाच निवला होता.

पडवीच्या टोकाला तिची आई, ठमी, सुपात सुके सोडे निवडत होती. तिचा फोन वाजला.

"बघ गो, कोनाचा मेसेज."

ओटीपी होता, ह्याच ॲपचा. आई कधीपासून ॲप वापरायला लागली? कल्पिताला हसू आलं, आणि लगेच तिने कप खाली ठेवला.

बाबांच्या ॲपला नंबर घरचा, म्हणजे आईच्या फोनचा होता. गॅसला, बँकेला, सगळीकडे घरचाच. दर्यात फोन पडतो, घरचा पडत नाही, असं बुधाजीचं, तिच्या बाबांचं, गणित. बोटीवर त्याचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यात असायचा. वारा फिरला तरच बाहेर यायचा. बोट जाऊन आज नववा दिवस.

तिने सात खोडून पुन्हा साठ टाकलं. पण एकदा मेलेलं टोकन उठत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने बाबांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. ओटीपी मागण्याइतकी रेंज मधूनच येत असावी, फोन लागण्याइतकी नाही. पुन्हा लावला. तेच.

आईचा फोन परत वाजला. दुसरा ओटीपी.

"आई, बाबा आहेत गो. वारा बघतायत. मीच बंद केलं त्यांचं, आत्ताच. आकडे इथे येतायत, त्यांना सांगू कसे?"

ठमीने सोडे सुपासकट बाजूला सारले. फोन पदराला पुसला आणि दोघींच्या मधे ठेवला. तिसऱ्यांदा वाजला.

"तू लावत ऱ्हा," ती म्हणाली. "ह्यो वाजतोय तवर हाय तो."