मोकळं आभाळ

डोंगरावरच्या शाळेत एकदाचं उपग्रहाचं इंटरनेट आलं. पण डिशला म्हणे आभाळ मोकळं लागतं, म्हणून बसवायला आलेल्या साहेबांनी अंगणातल्या शंभर वर्षांच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"अहो साहेब, डिश चार पावलं सरकवा ना! दुपारचा वर्ग याच सावलीत भरतो," बाईंनी परोपरीने सांगितलं.

"कागदावर जागा ठरलीय, बाई," म्हणत साहेबांनी करवत चालवायला लावली.

झाड आडवं झालं आणि रेंज आली, अगदी फुल्ल! बाईंचा फोन शाळेत पहिल्यांदाच वाजला. साहेबांच्याच ऑफिसचा मेसेज होता. आडव्या झाडाशेजारी उभं राहून बाईंनी तो वाचला.

 

"शाळेतल्या सर्वांत जुन्या झाडासोबत मुलांचा फोटो तासाभरात पाठवा. रेंज नसल्याची सबब चालणार नाही."