मळकी दोरी

सगळे कॉफीला गेले तेव्हा आयली साबणाचं फडकं घेऊन दोरी पुसत होती. कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर अशी एक दोरी लोंबायची. काम चुकतंय असं वाटलं की ती ओढायची. मग लाल दिवा लागायचा, पुढे सरकणारी ट्रकच्या गिअरबॉक्सची रांग जागीच थांबायची आणि गटातले बाकीचे पाच जण धावून यायचे. त्यांच्या दोऱ्या जेमतेम करड्या झालेल्या. आयलीची मात्र हाताच्या तेलानं काळीकुट्ट. कितीही घासली तरी डाग निघेना.

आज निकाल होता. गेल्या महिन्यात गटानं आपल्याच डोक्यानं सामानाच्या मांडण्या जवळ आणल्या, निम्मी ये-जा वाचवली, आणि सहा जणांचं काम पाच जणांत होऊ लागलं. साहेब म्हणाले, "एक जण मोकळा करा. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." घरी कोणी जाणार नाही, असं गटप्रमुख गुन्नेल सांगत होती. आयलीनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. जुन्या कारखान्यातही असंच सांगितलं होतं, आणि मग एक दिवस फाटकाला कुलूप लागलं.

फिनलंडहून स्वीडनला आल्यापासून एकोणतीस वर्षं ती त्या तारेच्या कारखान्यात होती. तिथं नगावर मजुरी. यंत्र थांबवलं की अख्ख्या रांगेची मजुरी बुडायची आणि शेजारणी दिवसभर तोंड फिरवून बसायच्या. आयलीनं यंत्र एकदाही थांबवलं नाही. शेजारणीची बाही रोलरकडे ओढली जाताना दिसली, तेव्हासुद्धा नाही. त्या बाईची दोन बोटं गेली. इथं आल्यापासून जरा शंका आली की आयलीचा हात आपोआप वर जायचा.

फळ्यावर दोरी ओढल्याच्या खुणा होत्या. वर्षभरात तिच्या एकेचाळीस, बाकी सगळ्यांच्या मिळून एकोणीस. गटातला सिक्सतेन चिडवायचा, "आयली, घंटाच बडवायची होती तर चर्चमध्ये नोकरी धरायचीस ना!" सगळे हसायचे, तीही हसायची. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याला दारात कोण उभं करणार, हा विचार तिची पाठ सोडायचा नाही.

काल सहाही जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला तिचा हात धजेना. तिनं स्वतःचंच नाव लिहिलं.

ती कॉफीच्या टेबलापाशी आली. तिचा कप सकाळीच तिनं रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला होता. दालचिनीच्या पावाला कोणीच हात लावला नव्हता. गुन्नेल म्हणाली, "सहाच्या सहा चिठ्ठ्यांवर एकच नाव आहे. आयली."

सहाच्या सहा! एकालाही आपली दया येऊ नये, याचंच तिला फार वाईट वाटलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "एकेचाळीस वेळा खोळंबा केला मी. दोरी पुसून पाहिली, पण निघत नाही."

"निघेल कशी? त्यातल्या नऊ वेळा तर माझेच बोल्ट ढिले होते," सिक्सतेन म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर ते गिअरबॉक्स गुपचूप पुढे ढकलले असते. आणि बाई, स्वतःचंच नाव लिहिलंस? एवढा ताठा असेल तुझ्यात, असं वाटलं नव्हतं!"

सगळे खो खो हसले. आयलीनं जायला पिशवी उचलली.

"अगं, मोकळा झालेला माणूस पलीकडच्या शेडला शिकवायला जातो," गुन्नेल म्हणाली. "तिथं कच्चा माणूस कसा पाठवायचा? आपल्यातला सगळ्यांत चांगलाच द्यावा लागतो." तिनं आयलीच्या पिशवीतून कप काढला आणि कॉफीनं भरला. "तिथं तीस जण आहेत. दोऱ्या लावून आठ महिने झाले, अजून पांढऱ्याशुभ्र. कोणाची हात लावायची छातीच होत नाही. जा, मळवून ये."